कावळा, यमदूत आणि एकवीस ग्रॅम

मागच्या अंकातील एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो होतो, की मृत्यूनंतर काय होते याबद्दल विज्ञान काही सांगू शकत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. काहींना ते वाक्य म्हणजे विज्ञानाने हात टेकल्याची कबुली वाटली, तर काहींना मी ऐन वेळी शेपूट घातली असे वाटले. वाक्य ढिसाळ होते, हे मान्य करून ते दुरुस्त करतो. मेलेल्या माणसाचा आत्मा वैकुंठाला जातो असे कोणी म्हटले, तर तिथपर्यंत पोहोचायला प्रयोगशाळेला वाट नाही. पण तोच आत्मा निघताना शरीराचे वजन कमी करतो, वाटी फिरवतो, कावळ्याच्या चोचीने होकार देतो किंवा दुसऱ्या घरी जन्म घेऊन जुनी भाषा बोलू लागतो, असे म्हटले की ती गोष्ट आपल्या याच जगात घडलेली असते, आणि इथे घडलेल्या गोष्टीची चौकशी करता येते. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न त्याच दृष्टीने घेतले आहेत.

प्रश्न : ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हे मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. मग शरीर चालवणारी चैतन्याची ऊर्जा मृत्यूच्या वेळी जाते कुठे? गीतेतील ‘नैनं छिन्दन्ति शस्त्राणि’ हा याच नियमाचा उच्चार नव्हे काय? आत्म्याचे वजन एकवीस ग्रॅम भरल्याचेही वाचनात आले आहे.
(एक निवृत्त शिक्षक, कराड)

उत्तर : सर, आपण शिकवलेला नियम बिनचूक आहे, घोटाळा ‘ऊर्जा’ या शब्दात आहे. भौतिकशास्त्रातील ऊर्जा ही जमाखर्चाची बाब आहे. आपण दिवसाला साधारण दोन हजार किलोकॅलरींचे अन्न खातो आणि जवळपास शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता चोवीस तास आसपासच्या हवेला देत राहतो. या जमाखर्चात ‘चैतन्य’ नावाची एखादी वेगळी रक्कम दडलेली आहे का, हे कोणी पाहिलेच नाही असे मुळीच नाही. १८९०च्या दशकात अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी लहानशा खोलीएवढा उष्णतामापक तयार केला आणि त्यात माणसांना काही दिवस राहायला लावले. खाल्लेल्या अन्नातून आलेली ऊर्जा एका बाजूला मांडली. शरीरातून बाहेर पडलेली उष्णता, केलेले काम आणि मलमूत्रात शिल्लक राहिलेली ऊर्जा दुसऱ्या बाजूला मांडली. दोन्ही बाजू जुळल्या. माणूस जिवंत असतानाच ज्या रकमेची वहीत नोंद सापडत नाही, ती मरणाच्या क्षणी कुठे गेली, असे विचारता येत नाही. मृत्यूनंतर शरीर हळूहळू खोलीच्या तापमानाला येते, चितेवर उरलीसुरली रासायनिक ऊर्जा उष्णता होऊन जाते, कार्बन हवेत मिसळतो आणि हाडांतील कॅल्शियम फॉस्फेट तेवढे अस्थी म्हणून आपल्या हाती उरते. हिशेब तिथे पुरा होतो.

मग नाहीसे काय होते? नाहीशी होते ती जुळणी. आषाढीनंतर पंढरपुरात दिंडी पांगते. वीणेकरी आपल्या गावी जातो, टाळकरी आपापल्या गावी जातात, एकही माणूस कमी झालेला नसतो, पण दिंडी आता कुठे आहे या प्रश्नाला उत्तर नसते. आपण म्हणाल, पुढच्या वर्षी तीच दिंडी पुन्हा निघते. निघते खरी, पण ती कोणीतरी पुन्हा जमवतो, आणि पांगलेला माणूस कोण जमवतो, हे दाखवण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. ऊर्जेच्या नियमावर ती ढकलता येणार नाही.

गीतेचा श्लोक या नियमाच्या दावणीला बांधू नये असे मला वाटते, आणि ते गीतेच्याच भल्यासाठी. त्याच अध्यायात पुढे आत्म्याला ‘अविकार्य’ म्हटले आहे, म्हणजे ज्यात बदल होत नाही असा. ऊर्जेचा तर धर्मच रूप पालटण्याचा आहे. सरपणातली ऊर्जा आगीत उष्णता होते, ती उष्णता पाणी शोषून घेते, वारा वाहून नेतो. आत्मा म्हणजे ऊर्जा असे म्हणणाऱ्याने नकळत गीतेलाच खोटे ठरवलेले असते.

एकवीस ग्रॅमची गोष्ट डंकन मॅकडूगल या अमेरिकन डॉक्टरची. मॅसॅच्युसेट्समधील हेवरिल या गावी त्यांनी मरणासन्न रुग्णांची खाट तराजूवर ठेवून मृत्यूच्या क्षणी वजनात फरक पडतो का, हे पाहिले आणि १९०७ साली ते प्रसिद्ध केले. रुग्ण एकूण सहा. त्यांतील दोघांची मोजणी त्यांनी स्वतःच बाद केली. उरलेल्या चौघांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. पाऊण औंस, म्हणजे एकवीस ग्रॅम, ही घट फक्त पहिल्या रुग्णाची होती, आणि जगभर गाजली ती तेवढीच. मृत्यूचा नेमका क्षण कोणता हे ठरवणेही त्या काळी अंदाजाचेच काम होते. पुढे त्यांनी पंधरा कुत्र्यांवर हाच प्रयोग केला, त्यांत घट आढळली नाही, म्हणून कुत्र्याला आत्मा नसतो असा निष्कर्ष काढला. ऑगस्टस क्लार्क नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने तेव्हाच हरकत घेतली होती, की श्वास थांबल्यावर रक्त थंड होण्याची सोय राहत नाही, घाम सुटतो आणि वजन उतरते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकणार नाही म्हणून दारातच अडून बसलेल्या धर्मराजाच्या देशात तरी हा प्रयोग इतक्या सहज गळी उतरायला नको होता.

प्रश्न : माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. शुद्धीवर आल्यावर ते सांगू लागले, की दोन धिप्पाड काळे पुरुष त्यांना दोरीने बांधून घेऊन गेले, तिथे कोणीतरी वही चाळून ‘हा तो नव्हे’ असे म्हणाले आणि त्यांना परत ढकलून दिले. वडील कधी खोटे बोलत नाहीत. भाऊ मात्र त्यांची थट्टा करतो. आम्ही काय समजावे?
(एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : ताई, वडील खोटे बोलत नाहीत, यावर आपण ठाम राहावे, भावाची थट्टा थांबवावी. त्यांनी जे पाहिले ते पाहिलेच आहे. प्रश्न एवढाच, की ते कुठे पाहिले.

आपल्या वडिलांची हकिगत मला अगदी ओळखीची वाटली, कारण तशाच हकिगती छापून आलेल्या आहेत. बंगळुरूच्या मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातील अशा सोळा अनुभवांवर लेख लिहिला. त्यांत पुन्हा पुन्हा हेच येते: दूत येतात, घेऊन जातात, वही असलेला माणूस नाव तपासतो, चुकीचा माणूस आणल्याचे लक्षात येते आणि परत पाठवणी होते. अमेरिकेतील माणसांच्या अनुभवांत अशी वही नाही आणि चुकून नेल्याचा प्रकारही नाही. तिथे उजेड दिसतो, गेलेले आप्त भेटतात, कोणी सांगते की तुझी वेळ अजून झालेली नाही. चित्रगुप्ताच्या कचेरीत नावांचा गोंधळ होतो तो आपल्याकडची माणसे नेताना, अमेरिकेतली नेताना नव्हे, हे जरा विचार करण्यासारखे आहे. आपल्या तहसील कचेरीचा वाण तिथवर पोहोचला असावा.

अनुभवाचा आराखडा सगळीकडे थोडाफार सारखा आणि त्यात भरलेली चित्रे मात्र ज्याच्या त्याच्या घरची, असे दिसले की त्या अनुभवाची मुळे अनुभवणाऱ्याच्या डोक्यात शोधणे भाग पडते. तिथे सापडतेही बरेच. २००२ साली जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या ठरावीक भागाला सौम्य विद्युत उत्तेजन दिले, तेव्हा आपण वर तरंगत असून खाली पलंगावर स्वतःलाच पाहत आहोत, असे तिला वाटले. मिशिगन विद्यापीठात २०१३ साली उंदरांची हृदयक्रिया बंद पाडल्यानंतरच्या सुमारे अर्ध्या मिनिटात त्यांच्या मेंदूत लयबद्ध विद्युत हालचालींची लाट उसळलेली नोंदवली गेली; २०२३ साली त्याच गटाने जीवरक्षक यंत्रणा काढून घेतलेल्या चार रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि त्यांतील दोघांत तशी लाट आढळली. हृदय थांबले की मेंदू दिव्यासारखा टपकन विझतो, ही आपली समजूत चुकीची आहे. तो विझताना काही वेळ फडफडू शकतो, आणि वाचलेल्या माणसाला जे आठवते ते त्या फडफडीतले की पुन्हा शुद्धीवर येतानाचे, हे त्यालाही सांगता येत नाही.

याउलट, चेतना खरोखर शरीराबाहेर पडत असेल तर तिची परीक्षा कशी घ्यावी, याचाही विचार प्रामाणिकपणे झाला आहे. सॅम पार्निया या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रिया येथील पंधरा रुग्णालयांत भिंतींवर उंच फळ्या बसवून त्यांवर छताच्या बाजूला तोंड करून चित्रे ठेवली गेली. वर तरंगणाऱ्यालाच ती दिसली असती. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. हृदयक्रिया थांबल्याच्या २०६० घटनांपैकी जिवंत राहून मुलाखत देऊ शकलेले रुग्ण १४० निघाले, आणि आजूबाजूच्या प्रसंगाचे तपशीलवार वर्णन करणारे त्यांतील केवळ दोघे. त्यांपैकी एकाच्या सांगण्याचा पडताळा घेता आला आणि ते बऱ्याच अंशी जुळले. परंतु तो जिथे होता तिथे फळीच नव्हती. चित्र पाहून आलेला एकही माणूस मिळाला नाही. परलोक नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. आहे म्हणणाऱ्यांच्या हाती मात्र काही लागले नाही, एवढे निश्चित.

आता दोरीबद्दल. अतिदक्षता विभागात अर्धवट शुद्धीतला रुग्ण नळ्या ओढून काढील म्हणून त्याची मनगटे मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. रात्री कूस बदलायला दोन धट्टेकट्टे परिचारक येतात, एक खांद्याला धरतो, दुसरा पायांना. कोणीतरी हातात कागद धरून पलंगाच्या पायथ्याशी उभे राहते, नाव विचारते, खाट क्रमांक पाहते. आपल्या वडिलांच्या बाबतीत असेच घडले असे मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण एकदा त्यांच्या मनगटांविषयी तिथल्या परिचारिकेला विचारून पाहावे. भास अजूनही होत असतील, रात्री घाबरून उठत असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मोठ्या आजारानंतर वयस्कर माणसांत हे पुष्कळदा होते आणि त्यावर उपाय असतात. आणि वडील पुन्हा ती हकिगत सांगू लागले, तर पुरी ऐकून घ्यावी.

प्रश्न : नागपूरच्या ‘शारदा’ची हकिगत आमच्या लहानपणी घरोघरी चर्चेत होती. मराठी बाई अस्खलित बंगाली बोलू लागली, याचे स्पष्टीकरण पुनर्जन्माशिवाय कसे देणार? दिल्लीच्या शांतिदेवीचेही उदाहरण आहेच.
(एक वाचक, अमरावती)

उत्तर : दोन्ही उदाहरणे या विषयातील वजनदार उदाहरणे आहेत, म्हणून त्यांना चार ओळींत उडवून लावणार नाही. नागपुरातील एक अविवाहित, सुशिक्षित मराठी स्त्री वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १९७४ साली, स्वतःला शारदा म्हणवू लागली, बंगाली पद्धतीने वावरू लागली आणि त्या अवस्थेत तिला मराठी समजेनासे झाले. शारदा जे काही सांगे, ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगालातले वाटे. वर उल्लेख केलेले स्टीव्हन्सन आणि पसरिचा यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. तो वाचून भाषाशास्त्रज्ञांनी विचारलेला प्रश्न साधा होता: तिला बंगाली आधी कधीच माहीत नव्हती का? तर तिचा त्या भाषेशी आधी काही परिचय झालेला होता, नागपुरात बंगाली कुटुंबे बरीच होती, आणि ती संस्कृत शिकलेली होती. संस्कृत आणि मराठी जाणणाऱ्याला बंगालीचा बराचसा शब्दसंग्रह आयताच मिळतो. तिच्यात दुसरे व्यक्तिमत्त्व खरोखर प्रकट होत होते, ते सोंग नव्हते, असे मला वाटते. पण मनात साठलेले, विसरले गेलेले बंगाली एखाद्या विलक्षण मानसिक अवस्थेत वर येणे ही शक्यता जोवर बाद होत नाही, तोवर दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईला बोलावण्याचे कारण उरत नाही.

१९२६ साली दिल्लीत जन्मलेल्या शांतिदेवीने लहान वयात मथुरेतील आपला पूर्वजन्मीचा नवरा आणि घर यांचे वर्णन केले. १९३५ साली पंधरा जणांची समिती तिला घेऊन मथुरेला गेली आणि तिने रस्ते व घर ओळखल्याचा अहवाल पुढच्या वर्षी निघाला. पण समिती निघण्यापूर्वीच मथुरेची माणसे दिल्लीला येऊन तिला भेटून गेली होती. अशा बहुतेक घटनांत हीच अडचण येते: मुलाने काय सांगितले याची नोंद दोन्ही कुटुंबांची गाठभेट होण्याआधी झालेली नसते, आणि भेटीनंतर कोण आधी काय बोलले, हे सगळेच आपापल्या परीने आठवतात. स्टीव्हन्सन यांनी अशा दोन हजारांहून अधिक घटना जमवल्या आणि तरीही त्यांना ‘पुनर्जन्म सुचवणाऱ्या’ एवढेच म्हटले. हा शब्द आपल्याकडच्या लेखांतून नेमका गळतो. त्यांच्याच नोंदी सांगतात, की बाई पुरुष होऊन जन्मू शकते असे मानणाऱ्या ब्रह्मदेशात तशा घटना पुष्कळ सापडतात, आणि ते अशक्य मानणाऱ्या लेबनॉनमधील द्रुझ समाजात एकही सापडत नाही.

स्टीव्हन्सन यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि तो एका कुलपामुळे. त्यांनी एक आकडेजुळणीचे कुलूप घेतले, त्याचा आकडा स्वतःच ठरवला, कुणालाही सांगितला नाही, आणि मेल्यानंतर जमले तर तो कळवीन, असे सांगून ते व्हर्जिनिया विद्यापीठातील आपल्या विभागात ठेवून दिले. २००७ साली ते वारले. ते कुलूप उघडल्याची वार्ता आलेली नाही.

प्रश्न : आम्ही वसतिगृहातील मैत्रिणींनी प्लँचेट केले. वाटीवर फक्त बोटे टेकवली होती, कोणीही ढकलत नव्हते, तरी वाटी अक्षरांवर फिरली आणि एकीच्या आजोबांचे नाव आले. हे कसे?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ढकलत होतात, पण ते तुमचे तुम्हालाच कळत नव्हते. १८५३ साली लंडनमध्ये मेजे फिरवणाऱ्या आत्म्यांची साथ आली होती, तेव्हा मायकेल फॅरेडे यांनी लोकांच्या हातांखाली पुठ्ठ्यांचा थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवला. मेज फिरले; पण पुठ्ठे तपासले तर वरचा पुठ्ठा खालच्याच्या आधी सरकलेला होता, म्हणजे मेज हातांना ओढत नव्हते, हात मेजाला नेत होते. बसलेली माणसे प्रामाणिकपणे सांगत होती की आम्ही काही केले नाही. अपेक्षेने स्नायू हलतात, ती हालचाल मनाला कळतेच असे नाही. पडताळा घ्यायचा असेल, तर सगळ्यांचे डोळे बांधून खेळात नसलेल्या एका मैत्रिणीला अक्षरांचा कागद गुपचूप फिरवायला सांगा आणि मग आजोबांना नाव विचारा. जाता जाता: फॅरेडे अत्यंत धार्मिक होते, एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे निष्ठावंत सदस्य होते. मरणोत्तर जीवनावर त्यांचा विश्वास होता, फिरत्या मेजावर नव्हता.

प्रश्न : आईच्या दहाव्याला दीड तास कावळा शिवला नाही. धाकट्या बहिणीचे लग्न राहिले आहे म्हणून आईचा जीव अडकला, असे नातेवाईक म्हणाले. काहींनी माझ्या पत्नीकडे बोट दाखवले. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. आईला खरोखर शांती मिळाली नसेल का, या विचाराने झोप लागत नाही.
(एक वाचक, वाई)

उत्तर : आपल्या आईविषयी कावळ्याला काहीही ठाऊक नव्हते, हे आधी स्वच्छ सांगतो. कावळा हा अत्यंत सावध पक्षी आहे. माणसांचे चेहरे तो ओळखतो आणि त्रास देणारा चेहरा वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो, हे अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी मुखवटे घालून केलेल्या प्रयोगांतून दाखवले आहे. घाटावर सकाळी पाच-सहा जणांचे पिंड मांडले गेले, की अकरापर्यंत त्याचे पोट भरलेले असते. गर्दी जवळ असेल, कुत्रे फिरत असेल, घार घिरट्या घालत असेल, तर तो फांदीवरून उतरत नाही. पितृपक्षात तर कावळ्याला जेवणाची आमंत्रणे इतकी असतात, की उशिरा पान वाढणाऱ्या घराने नाराज होण्यात अर्थ नाही.

एका दहाव्याला मी स्वतः घाटावर होतो. पिंड मांडले होते, सगळे दहा पावले मागे सरून हात जोडून उभे होते, थोरला मुलगा मोठ्याने एकेक वचन देत होता: विहिरीचे काम पुरे करू, काकूला सांभाळू, धाकट्याशी भांडणार नाही. कावळा जागचा हलला नाही. तेवढ्यात एका पुतण्याने खिशातल्या पुडीतली शेव हळूच पिंडाशेजारी टाकली. कावळा उतरला, शेव उचलली आणि गेला. भाताला त्याने चोच लावली नाही. हा स्पर्श धरायचा की नाही यावर दोन्ही चुलत्यांचे जुंपले. गुरुजींना पुढे दुसरे दहावे होते. ते म्हणाले, “पंख लागला, मी पाहिला. चला, आंघोळीला उतरा.”

त्या मुलाने सगळ्या भावकीसमोर दिलेली वचने मात्र हवेत गेली नाहीत, हे मला माहीत आहे. इतर कुठल्या प्रसंगी तो ती मोठ्याने बोलला असता? विधीचे काम झाले होते, कावळ्याचा त्यात संबंध असो वा नसो. पण त्याच विधीचा उपयोग सुनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी होत असेल, तर ती उघड क्रूरता आहे आणि तिला धर्माचाही आधार नाही. कावळा येणार नाही अशी वेळ येते, हे विधी घालून देणाऱ्यांना पक्के माहीत होते, म्हणून तर दर्भाच्या कावळ्याची सोय त्यांनीच करून ठेवली. ज्या परंपरेवर आपला विश्वास आहे, तिच्या नियमाने आपल्या आईचे कार्य यथासांग झाले आहे. बोट दाखवणाऱ्या नातेवाइकांना हे आपण स्वतः सांगावे, पत्नीवर ती पाळी आणू नये.

प्रश्न : इतके सगळे लिहिता, पण स्वतः काय मानता ते कधी लिहीत नाही. मृत्यूनंतर काही आहे की नाही, एका शब्दात सांगा.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. एका शब्दात विचारलेत म्हणून एका शब्दात दिले. आता दोन वाक्ये अधिक. आठवण, स्वभाव, भाषा, माया हे सारे मेंदूला इजा झाली की तुकड्यातुकड्याने जाते, हे पक्षाघाताच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी रोज दिसते. अर्धा मेंदू गेल्यावर जे टिकत नाही, ते पूर्ण मेंदू गेल्यावर टिकेल असे मानायला मला आधार सापडत नाही. नचिकेत्याने यमाच्या दारात हाच प्रश्न विचारला होता, की मेल्यावर माणूस असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात, तर खरे काय? यमाने आधी हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य असे सगळे देऊ केले आणि म्हटले, देवांनाही याविषयी शंका होती, दुसरे काही माग. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभागाने मेल्यावर माणसाचे काय होते असे भर सभेत विचारले, तर याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला बाजूला घेऊन गेले. ही गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, म्हणाले. शंका घेणारे बाहेरून आलेले नाहीत, एवढ्यासाठी हे सांगितले. आणि आमच्या घरी वडिलांच्या तिथीला खीर, वडे, अळूवडी होते, पहिले पान बाहेर ठेवले जाते आणि ते मीच ठेवतो. त्यात मला विसंगती वाटत नाही. आपल्याला वाटत असेल तर तसे कळवावे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची नेत्रदानाची इच्छा आहे. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येते आणि अपुऱ्या देहाला अग्नी दिल्यास गती मिळत नाही, असे शेजारी सांगतात. आम्ही गोंधळलो आहोत.
(एक गृहिणी, चिपळूण)

उत्तर : शेजाऱ्यांचा तर्क खरा मानला, तर ज्यांचा सगळाच देह जाळला जातो त्यांनी पुढच्या जन्मी देहाशिवायच यायला हवे. जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो, असे गीता म्हणते. टाकलेल्या वस्त्राची गुंडी कोणी काढून घेतली म्हणून नवे वस्त्र फाटके निघत नाही. अपुऱ्या देहाची शंका तर शास्त्रकारांनी केव्हाच निकालात काढली आहे. परदेशात वारलेल्या किंवा देह न सापडलेल्या माणसासाठी पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देण्याचा पालाशविधी सांगितलेला आहे. पानांच्या पुतळ्याने गती मिळत असेल, तर डोळ्यांवरची दोन पारपटले (कॉर्निया) नसलेल्या खऱ्या देहाने ती अडायचे कारण नाही. अस्थी देऊन टाकणाऱ्या दधीचीला दुर्गती मिळाल्याचे कोणत्याही पुराणात वाचलेले नाही.

व्यवहाराचे सांगतो, कारण ऐन वेळी तेच सुचत नाही. डोळ्यांतील उपयोगाला येते ते पुढचे पारदर्शक पारपटल, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे. त्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे रक्तगट जुळवण्याची गरज सहसा पडत नाही. वय, चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचा अडथळा नाही. एड्स, कावीळ ‘ब’ किंवा ‘क’, रेबीज, रक्तातील जंतुसंसर्ग यांसारखी कारणे असतील तर डोळे वापरता येत नाहीत, म्हणून आजारपणाचे कागद जवळ ठेवावेत. अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागते, तेव्हा सासूबाईंची इच्छा घरातील सगळ्यांच्या कानावर आताच घालावी आणि जवळच्या नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावा. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. पथक घरी येते, अर्ध्या तासात काम होते, चेहरा विद्रूप होत नाही, अंत्ययात्रा ठरल्या वेळी निघते आणि दहावे, तेरावे आपल्या रीतीप्रमाणे करता येते. पथक येईपर्यंत पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी देऊन ते थोडे उंच करावे आणि पंखा बंद करावा. चिपळूणच्या उकाड्यात तो कोणीतरी हमखास पुन्हा लावतो. खटक्याजवळ एका समजूतदार माणसाला उभे करावे.